मुळशीचं पाणी दिवाळीनंतर कुठे जातं?

दिवाळीच्या सुट्टीत घरची सगळी मंडळी मुळशी धरणाच्या तलावावर गेलो होतो. माले गावाच्या पुढे, रस्ता सोडून खाली उतरलं की एक सपाट काळा कातळ लागतो. पोरांनी त्यावर बसून पाय पाण्यात सोडले, आईनं धपाट्यांचा डबा उघडला, फोटोबिटो झाले. मे महिन्यात पुन्हा त्याच जागी गेलो, तर कातळ कोरडा ठणठणीत आणि पाणी खाली दोन-अडीचशे पावलांवर. मधल्या पट्ट्यात भेगाळलेली जमीन, पांढरे पडलेले शिंपले, कुणाची तरी एकच चप्पल. धाकटी पुतणी म्हणाली, "काका, एवढं पाणी कुणी प्यायलं?"

"उन्हानं आटलं" असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं नाही. ऐन उन्हाळ्यातही तलावाचं पाणी उन्हानं दिवसाला फार तर सेंटीमीटरभर उडतं. त्यानं कातळापासून एवढं लांब पाणी जात नाही. पुण्याचे नळही याला जबाबदार नाहीत, कारण शहराचं बहुतेक पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांच्या साखळीतून येतं. मुळशीचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जातं, घाटाखाली कोसळतं, त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. पुतणीला मी तेव्हा एवढंच सांगितलं. नंतर मात्र वाटलं, दर रविवारी चांदणी चौकातून ताम्हिणीकडे जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या माणसांना हे नीट माहीत असायला हवं. आपण ज्याला काठ म्हणतो तो कधी कुठे असेल, हे या विजेच्या हिशेबावर ठरतं.

गच्चीवरची टाकी आणि एक युनिट

मुळा नदी सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर उगम पावते आणि पूर्वेला, आपल्या पुण्याकडे वाहते. तिच्यावर मुळशीला टाटांनी धरण बांधलं आणि १९२७ साली घाटाखाली भिरा इथलं वीजघर सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोली आणि १९२२ मध्ये भिवपुरी अशी दोन वीजघरं सुरू झालेली होतीच. लोणावळा, वळवण, शिरवतं, ठोकरवाडी हे आपले सहलीचे तलाव त्या वीजघरांसाठीच आहेत. या सगळ्यांमागची कल्पना एकच. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा उतार सौम्य आहे आणि पश्चिमेला सरळ कडा आहे. पूर्वेकडे वाहणारं पाणी माथ्यावर अडवायचं, बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचं आणि जाड पोलादी नळांतून कोकणात सोडायचं. मुळशी आणि भिरा यांच्यात साधारण पाचशे मीटरचा उतार मिळतो.

पाचशे मीटर म्हणजे काय हे समजायला आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी घ्या. ती भरून पाचशे मीटर उंचीवर ठेवली आणि तिचं सगळं पाणी खाली एका चाकावर सोडलं, तर किती वीज मिळेल? गळती-घर्षण वजा जाता जेमतेम सव्वा युनिट. घरातला दोन किलोवॉटचा गीझर अर्ध्या तासाच्या वर थोडाच वेळ चालेल, बस्स. मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा वाटलं, कुठेतरी शून्य चुकलं असणार. चुकलं नव्हतं. पाण्यापासून वीज करायची तर पाणी अफाट लागतं.

पाणी कमी असलं तर उंचीनं भागवता येतं, हेही त्याच गणितात दिसतं. पानशेतलाही वीजघर आहे, ८ मेगावॉटचं. तिथं पाणी धरणाच्या भिंतीच्या उंचीवरूनच पडतं, म्हणजे पन्नास-साठ मीटर फार तर. तेवढीच टाकी तिथं ओतली तर मुळशीच्या एक दशांशाच्या आसपास वीज हाती लागते. म्हणून पानशेतची वीज ही जाता जाता मिळणारी आहे. पाणी शेतीला आणि पिण्याला सोडायचंच असतं, ते चाकावरून सोडलं एवढंच. मुळशीला वीज हेच पाणी सोडण्याचं कारण असतं. पुढचं सगळं या फरकातून निघतं.

भिऱ्याला १५० मेगावॉटची जुनी यंत्रं आणि नंतर बसवलेला १५० मेगावॉटचा उदंचन संच (खालचं पाणी परत वरही चढवू शकणारा) आहे, मिळून ३०० मेगावॉट. सगळं पूर्ण ताकदीनं एक तास चाललं तर तीन लाख युनिट होतात, आणि त्यासाठी आपल्या टाकीच्या हिशेबानं अडीच लाख टाक्या, म्हणजे २५ कोटी लिटर पाणी लागतं. चोवीस तास अखंड चाललं तर सहाशे कोटी लिटर. पेपरात आपण टीएमसी वाचतो. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. म्हणजे पाच दिवसांत जवळपास एक टीएमसी संपला. मुळशीचा उपयुक्त साठा अठरा टीएमसीच्या वर आहे, पानशेतच्या (१०.६५ टीएमसी) पावणेदोनपट. तरी अखंड चालवलं तर तीन महिन्यांत तळ दिसेल. दिवाळीला भरलेलं धरण पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असेल तर दिवसाचे मोजके तासच यंत्रं फिरवता येतात.

ते तास कोणते, हे मुंबई ठरवते. कोळशाच्या वीजघराची भट्टी तापायला तास लागतात. पाण्याच्या चाकाला झडप उघडायचा अवकाश, काही मिनिटांत ते पूर्ण वेगानं फिरायला लागतं. त्यामुळे मुंबईत दिवेलागणीला मागणी एकदम चढली, किंवा दुसरीकडचं एखादं केंद्र अचानक बंद पडलं, की घाटाखालची यंत्रं सुरू होतात. मागणी उतरली की थांबतात. मुळशीचं पाणी म्हणजे मुंबईच्या विजेची गाठीला ठेवलेली रक्कम आहे, अडीअडचणीला काढायची.

पाणी तीन बोटं, काठ एक मीटर

आता काठावर येऊ. समजा तलावाचा पृष्ठभाग तीस चौरस किलोमीटर आहे. (गणित सोपं व्हावं म्हणून हा आकडा धरला आहे, पातळी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो.) वीजघर दिवसातून पाच-सहा तास पूर्ण ताकदीनं चाललं, तर तलावाची पातळी पाचेक सेंटीमीटर उतरते. म्हणजे तीन बोटं. काठावर बसून दिसणारही नाही एवढं.

पण काठ म्हणजे उभी भिंत नाही, तो उतार आहे. जिथं जमीन वीस पावलांत एक पाऊल उतरते अशा सौम्य उतारावर पाणी पाच सेंटीमीटर उतरलं की काठ एक मीटर मागे जातो. दिवसाला एक मीटर, महिन्याला तीस. डिसेंबर ते मे एवढ्या काळात आमच्या कातळापासून पाणी दोन-अडीचशे पावलं लांब का गेलं, याचं उत्तर हे आहे. उभ्या दरडीच्या बाजूला गेलात तर तेवढ्याच दिवसांत काठ जागचा हललाय असं वाटणारही नाही, फक्त खडकावर पाण्याच्या जुन्या खुणा उंच उंच दिसतील, आंघोळीच्या घंगाळाला आतून पट्टे पडतात तशा.

आणखी एक गोष्ट लोक हमखास चुकीची समजतात. "धरण पन्नास टक्के" हे वाचून वाटतं, पाणी निम्म्या उंचीवर आलं. तसं नसतं. धरणाचा आकार कढईसारखा असतो, वर रुंद, खाली निमुळता. भरलेल्या कढईतला निम्मा रस्सा काढला तरी उरलेला रस्सा निम्म्यापेक्षा वरच दिसतो, कारण वरच्या रुंद भागातच जास्त मावत होता. त्यानंतर मात्र प्रत्येक डावाला पातळी झपझप उतरते. धरणाचंही तेच. दिवाळी ते संक्रांत काठ रेंगाळल्यासारखा वाटतो आणि एप्रिल-मेमध्ये एकदम पळाल्यासारखा. पाणी तेवढंच काढलं जात असतं, फक्त कढई निमुळती झालेली असते. पेपरातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते हेही लक्षात ठेवायला हवं. शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे. बोगद्याच्या तोंडाखालचा मृत साठा शिल्लक असतोच.

पुणेकरांच्या डोक्यात धरणाचं जे चित्र असतं ते बहुधा खडकवासल्याचं असतं, आणि तिथं हा खेळ दिसतच नाही. चौपाटीवर कणीस खाताना समोरचं पाणी एप्रिलमध्येही बऱ्यापैकी वर असतं. कारण खडकवासला स्वतः लहान आहे, १.९७ टीएमसीचा, आणि शहराला व कालव्याला पाणी द्यायचं तर तिथली पातळी धरून ठेवावी लागते. वरून पानशेत आणि वरसगाव त्याला पाणी पुरवत राहतात. उन्हाळ्याची झीज त्या दोघांना बसते. खडकवासला पाहून "यंदा पाणी भरपूर दिसतंय" म्हणणाऱ्यानं एकदा वरसगावच्या फुगवट्याला जाऊन यावं.

चढणारं पाणी

उतरणारं पाणी सावकाश उतरतं. चढणारं तसं नाही, आणि माझी खरी काळजी त्याबद्दल आहे.

मुळशी-ताम्हिणीचा पाऊस पुण्यात राहून समजत नाही. शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. २५ जुलै २०२४ रोजी, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं त्या दिवशी, ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पावसाची नोंद झाली होती. आपण एवढं टोकाचं धरायला नको, तीनशे मिलिमीटर धरू. मुळशीचं पाणलोट अडीचशे चौरस किलोमीटर धरू. त्यातलं दोन तृतीयांश पाणी ओढ्या-नाल्यांतून तलावात आलं, तर एका दिवसात पावणेदोन टीएमसी येवा होतो. तीस चौरस किलोमीटरच्या तलावावर तो पसरला की पातळी दीड मीटरहून जास्त चढते. त्याच वीसास एक उतारावर काठ एका दिवसात तीस मीटरहून जास्त पुढे येतो.

म्हणजे उतरताना दिवसाला एक मीटर आणि चढताना तीस. मे महिन्यात जी सपाट, सुंदर, तंबू ठोकायला छान जागा दिसते, ती काठ नसते, तलावाचा तळ असतो. जूनच्या शेवटी किंवा जुलैत संध्याकाळी पाण्यापासून वीस पावलांवर तंबू लावला आणि रात्रभर घाटात पाऊस कोसळला, तर पहाटे पाणी तंबूत असणं यात नवल काहीच नाही. तुमच्या डोक्यावर एक थेंब पडायचीही गरज नाही. पाऊस दहा किलोमीटर पलीकडे डोंगरमाथ्यावर पडला तरी पुरतो. ओढ्यांचंही तेच. जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाणी कमी असताना ती आत उतरली होती. भुशी हे विजेचं धरण नाही, ते रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, पण डोंगरातलं पाणी कसं अचानक येतं हे कळायला दुसरा दाखला नको.

पवनेच्या काठी आता तंबूंची रांगच असते. तिथंही हाच नियम. दिवसा एकदा काठ नीट बघा. गवत जिथं सलग हिरवं सुरू होतं, झुडपं-झाडं जिथं सुरू होतात, ती रेष म्हणजे भरल्या धरणाची हद्द. जिथं फक्त माती, गोटे आणि शिंपले आहेत ते सगळं पाण्याचं आहे, आज कोरडं असलं तरी. पावसाळ्यात तंबू त्या रेषेच्या वर हवा, आणि ओढ्याच्या तोंडाशी तर कधीच नको.

गाळ

उन्हाळ्यात धोका वेगळा. हा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

त्याच मे महिन्यातली गोष्ट. आमच्याबरोबर एका मित्राचा मुलगा होता, बारावीतला. पाण्याला हात लावायला म्हणून तो उतारावरून पळत खाली गेला. वरून जमीन कोरडी, चांगली तडकलेली, बिस्किटासारखी. पाण्यापासून पंधरा पावलांवर त्याचा डावा पाय आत गेला, मग उजवा. बघता बघता गुडघ्यापर्यंत. तो जितका पाय उपटायला बघे तितका दुसरा खोल जाई. आम्ही ओरडत खाली धावलो, तेवढ्यात गुरं राखणारे एक म्हातारे मामा वरून हाका मारत आले. "कुनी जाऊ नगा त्याच्याजवळ! पोरा, पाय नगं उपसू, मागं निज, आडवा हो!" तो पाठीवर आडवा झाला. मामांनी हातातली काठी आणि आमची सतरंजी त्याच्याकडे टाकली आणि एकेक पाय सावकाश मोकळा करायला लावला. वीस मिनिटं लागली. चप्पल आतच राहिली. आधी पाहिलेली ती एकटी चप्पल कुणाची असेल हे मला तेव्हा समजलं.

पावसात ओढे जी माती आणतात ती तलावाच्या संथ पाण्यात तळाला बसते. पाणी उतरलं की वरचा थर उन्हानं वाळतो, पापुद्रा धरतो, पण खालचा गाळ कित्येक आठवडे दह्यासारखाच राहतो. ताजा उघडा पडलेला पट्टा, म्हणजे पाण्यालगतचा, सगळ्यात फसवा. भेगा दिसल्या म्हणजे जमीन पक्की असं समजू नये. उभं राहिल्यावर सगळं वजन दोन तळव्यांवर येतं, आडवं झाल्यावर ते अंगभर पसरतं, म्हणून मामांनी त्याला निजायला सांगितलं.

आणि पाण्यात उतरणं? मला स्वतःला पोहायला आवडतं, तरी या पाण्यात मी उतरत नाही. नदीला घाट असतो, विहिरीला पायऱ्या असतात, तलावाचा तळ कुणी घडवलेला नसतो. ती एक बुडालेली दरी आहे. तिच्यात शेताचे बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत. दोन पावलं कमरेएवढं पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही, असं बांधाच्या कडेला होतं. मागच्या महिन्यात उथळ होती ती जागा या महिन्यातही उथळच असेल असं नाही, कारण पातळी बदललेली असते. जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं तेव्हा आपल्याला राग येतो. मला आता येत नाही.

घाटाखाली तेच पाणी

पुण्याचे बरेच जण राफ्टिंगला कोलाडला जातात, ताम्हिणी उतरून. तिथं सकाळी लवकर हजर व्हायला सांगतात आणि माणसं कुरकुरतात, सुट्टीच्या दिवशी एवढ्या पहाटे कशाला? कारण कुंडलिका नदीतलं ते पाणी मुळशीचं आहे. मुंबईसाठी भिऱ्याची यंत्रं फिरली की त्यांतून बाहेर पडलेलं अवजल खालच्या तलावात जमतं, तिथून रवाळजेच्या ८० मेगावॉटच्या वीजघरातून पुन्हा वीज देऊन कुंडलिकेत येतं. ते सोडलेलं असतं तेवढे तास नदी उसळते. बंद झालं की काही तासांत तीच नदी गोट्यांवरून शांत वाहायला लागते. राफ्टिंगचं वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. भर उन्हाळ्यातही कोलाडला राफ्ट चालते ती त्यामुळेच.

मला यात गंमत वाटते ती अशी की मुळशीला आज संध्याकाळी कातळापासून जे पाणी एक पाऊल मागे सरकलं, तेच उद्या-परवा सकाळी कोलाडला कुणाला तरी राफ्टमधून उडवत असेल. तिथून पुढे ते डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून शेतीला, रोह्याच्या कारखान्यांना आणि शेवटी रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. धरण नसतं तर हेच थेंब मुळेतून औंध, संगम, मग भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेले असते.

पण घाटाखालच्या मंडळींनाही सावध राहायला हवं. देवकुंडला जाताना भिऱ्याच्या तलावाच्या कडेनं वाट आहे. वीजघराच्या खालच्या नदीपात्रात दुपारी दिसणारा कोरडा खडक सकाळी पाण्याखाली असतो. आभाळ निरभ्र असलं तरी पाणी वाढू शकतं, कारण ते ढगातून नाही, यंत्रातून येतं. भोंगा ऐकू आला किंवा पाण्याचा रंग-आवाज बदलला, की सामान गोळा करत बसू नये, आधी वर यावं.

पुण्याच्या बाजूलाही मुळशीचं पाणी येतं, पण फक्त पावसाळ्यात, धरण भरल्यावर. सांडव्यावरून गेलेलं पाणी विजेच्या हिशेबात हातचं गेलेलं असतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भिऱ्याची यंत्रं जास्तीत जास्त चालवून धरणात जागा करायचा प्रयत्न असतो. तरी येवा आवरेना की दरवाजे उघडतात आणि मुळेत विसर्ग सुरू होतो. बालेवाडी, बाणेर, औंध, बोपोडी इथल्या नदीकाठच्या लोकांनी त्या दिवसांत खडकवासल्याच्या विसर्गाबरोबर मुळशीचा आकडाही वाचायला हवा. मुठेचं पाणी खडकवासल्याचं, मुळेचं मुळशीचं आणि पवनेचं. ही सगळी संगमापर्यंत एकत्र होतात.

हे पाणी कुणाचं

पूर्वेचं पाणी पश्चिमेला वळवायला मर्यादा आहे. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात बच्छावत लवादानं टाटांच्या सगळ्या धरणांना मिळून पाच वर्षांत २१२ टीएमसी एवढंच पाणी कोकणात वळवायची मुभा दिली. कोयनेला वर्षाला ६७.५ टीएमसी दिले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेले तसं, मुळशीचं थोडं पाणी आम्हाला द्या, ही मागणीही वाढत गेली. माझ्या मते ती रास्त आहे. मात्र प्रत्येक टीएमसी पाण्यामागे सुमारे साडेतीन कोटी युनिट वीज मुंबईला दुसरीकडून आणावी लागेल, आणि कुंडलिकेच्या काठचं शेत आणि तिथली राफ्ट दोन्ही तेवढी कोरडी पडतील, हे मान्य करूनच ती करायला हवी.

आणि या पाण्यावर पहिला हक्क होता तो पाण्याखाली गेलेल्यांचा. १९२१ च्या रामनवमीला इथं मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' म्हणायला लोकांनी सुरुवात केली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. "जान किंवा जमीन" ही घोषणा होती. लढा हरला, भाताची खाचरं बुडाली. मे महिन्यात पाणी पार खाली गेलं की काठावर दगडी रांगा उघड्या पडतात, गुडघाभर उंच, वळणावळणानं गेलेल्या. पोरं त्यावरून तोल सांभाळत चालतात. आमच्या पुतणीनंही तेच केलं. मामांनी तिला सांगितलं, "बाय, ह्यो बांध हाय. भाताचा." त्यांच्या आज्यानं रचलेला असेल किंवा शेजाऱ्याच्या. शंभर वर्षं दरसाल बुडतो आणि दरसाल वर येतो, आणि अजून एक दगड इकडचा तिकडे झालेला नाही.

पातळीचा खांब

यापुढे पातळीचा हा खेळ आणखी वेगळा होणार आहे. दुपारी सौरवीज भरपूर असते आणि संध्याकाळी लागते तेव्हा नसते. म्हणून दुपारच्या स्वस्त विजेनं खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी पुन्हा खाली सोडायचं, असे उदंचन प्रकल्प येत आहेत. शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारबरोबर करार झाला आहे. अशा प्रकल्पात पाणी वर्षातून एकदा नाही, दिवसातून एकदा उतरतं आणि चढतं. लहान तलाव असेल तर काठ सकाळी एके ठिकाणी आणि रात्री दुसऱ्याच ठिकाणी.

सध्या काठावर "पाण्यात उतरू नये" एवढीच पाटी असते. ती वाचून कुणी थांबत नाही, कारण का उतरू नये ते तिच्यात नसतं. तिच्याशेजारी सहलीच्या प्रत्येक ठिकाणी एक उंच रंगवलेला खांब रोवावा असं मला मनापासून वाटतं. भरल्या धरणाची रेष लाल रंगात, गेल्या आठवड्यातली पातळी खडूनं, आजची खडूनं. गावातल्या एखाद्या पोराला रोज सकाळी ती खूण करायचं काम द्यावं, चार पैसे द्यावेत. खडूच्या दोन रेषांतलं अंतर बघितलं की पाणी चढतंय का उतरतंय ते कुणालाही कळेल, आणि लाल रेष डोक्याच्या वर दिसली की आपण कुठे उभे आहोत तेही.